नऊ अक्षरी निचे : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, लाइपझिग

आजपासून वही सुरू.

मूळ काम वेगळंच आहे. आमच्या क्षीरसागर आडनावाची रोमन लिपीत जी दैना झाली, ती एकदा नकाशावर आणायची आहे. बाबांच्या पासपोर्टवर सुरुवात के-एस-एच अशी. धाकट्या काकांच्या सगळ्या कागदांवर नुसतं एस-एच, कारण कुठल्याशा कचेरीत कुणाला तरी 'क्ष' ऐकूच आला नाही. आणि पणजीला गेलेल्या चुलत पणजोबांच्या दस्तांत चक्क एक्स. संगणकाला विचारलं, तर ही तीन परकी कुटुंबं.

यासाठी एक शोधयंत्र लिहायचं आहे. पण आपल्याकडच्या आडनावांची मोठी, उघडी यादी हाताशी नाही. जर्मनीत ती आहे. म्हणून सराव इथल्या आडनावावर करायचा ठरवलं. निवड केली जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची. नाव जगाला माहीत आणि स्पेलिंग कुणालाच नाही.

१२ नोव्हेंबर

पहिलीच अडचण लिपीची. ही वही देवनागरीत ठेवायची, आणि देवनागरीत हा प्रश्नच उरत नाही! आपण तत्त्वज्ञाला 'नीत्शे' लिहितो. इथले लोक बोलताना साधारण 'नीच-अ' म्हणतात. त्याच्या शेजारची भावंडं, म्हणजे मिळतीजुळती आडनावं, 'निच-अ'. आपल्या कानाला फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. रोमनमध्ये मात्र अख्खं भांडण. म्हणून अक्षरं मोजून नावं ठेवतो :

नऊ अक्षरी म्हणजे तत्त्वज्ञाचं. एन, आय, ई, टी, झेड, एस, सी, एच, ई.
आठ अक्षरी म्हणजे त्यातला आयनंतरचा ई काढलेलं.
सात अक्षरी म्हणजे झेडही काढलेलं.
निच्के हे वेगळं, त्यात शेवटी के घुसतो.

ऑफिसातल्या हिंदी भाषक मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "नीचे? तो ऊपर कौन है?" सकाळभर हेच चालू होतं.

२० नोव्हेंबर

मोजणीचं साधन ठरलं. जर्मनीत नावानिशी लोकसंख्येची यादी कुणाला बघायला मिळत नाही, त्यामुळे आडनावांचे अभ्यासक टेलिफोनच्या यादीवर काम करतात. जर्मन आडनावांचा मोठा सात खंडी नकाशासंग्रह, ज्याचं काम फ्रायबुर्ग आणि माइन्झ इथून चाललं, त्याचा पाया २००५ सालच्या घरगुती जोडण्या हाच आहे. त्यानंतर मोबाइल आले, लोकांनी यादीतून नावं काढून घेतली, आणि २००५ हे साल आपोआप सोन्याचं झालं. एका जोडणीमागे साधारण तीन माणसं धरायची.

जर्मनीत वेगवेगळी आडनावं किती, तर साडेआठ लाखांच्या आसपास. त्यात म्युलर एकट्याच्याच जोडण्या अडीच लाखांच्या पुढे. उरलेल्यांत मुंगीएवढी नावं लाखांनी. आपलं नऊ अक्षरी या मुंग्यांतलं नाही, पण हत्तींतलंही नाही. सात अक्षरी आणि आठ अक्षरी हजारांच्या घरात, नऊ अक्षरी शेकड्यांत. एवढा ढोबळ अंदाज मला सध्या पुरे आहे.

२३ नोव्हेंबर

काही झालं नाही. सर्व्हर बंद.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज निकोलसचा दिवस. रात्री मुलांनी दाराबाहेर बूट ठेवले होते. सकाळी शेजारच्या मजल्यावर त्यांत अक्रोड आणि संत्री. आमच्या दाराबाहेर माझे बूट होते, पण त्यांत काही नव्हतं.

आणि आजच हे लिहायला हवं, कारण सगळं प्रकरण या संतापाशीच येऊन थांबतं. मायराचा बिशप निकोलस हा व्यापाऱ्यांचा आणि खलाशांचा रक्षक. मध्ययुगात त्याचं नाव घरोघरी गेलं. लाइपझिग हे जत्रेचं, व्यापाराचं गाव, त्यामुळे इथलं जुनं मोठं देऊळ त्याच्याच नावाचं. १९८९ ची पूर्व जर्मन सरकारविरुद्धची सोमवारची निदर्शनं इथल्या प्रार्थनांमधूनच सुरू झाली. मूल जन्मलं की निकोलाउस, आणि हाक मारायला निक, निक्लास, क्लाउस, नित्झ. जशी आपल्याकडे विठ्ठलाची विठू, विठ्या, विठोबा होतात.

जर्मन आडनावांत बापाचं नाव तसंच चिकटून राहिलं की ही हाकेची रूपं आडनाव बनतात. पूर्वेकडे, जिथं जर्मन आणि स्लाव्ह (पोलिशसारख्या भाषा बोलणारे) एकाच बाजारात बसत, तिथं नित्झला स्लाव्ह लकबीचं शेपूट लागलं : निच, निचे, निच्के. म्हणजे ज्या आडनावाला आपण एवढं भारदस्त समजतो, त्याचा अर्थ 'निकोलसचा पोर' याहून जास्त नाही. फुटबॉलवाला मिरोस्लाव क्लोजे, विश्वचषकात सोळा गोल केलेला, तोही नावानं याचा भाऊबंद : क्लोजे हे क्लाउसचं सायलेशिया या पूर्वेकडच्या मुलखातलं रूप. आणि निकेल धातू? खाणकामगारांना तांब्यासारखा दिसणारा पण तांबं न देणारा दगड सापडायचा. त्यात निकेल नावाचा खोडकर भूत बसलाय असं ते म्हणत. निकेल म्हणजे पुन्हा निकोलाउसच. आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांतही हा संत आहे, हे आत्याला सांगायला हवं.

१५ डिसेंबर

आता 'टी-झेड-एस-सी-एच' या पाच अक्षरांकडे.

या पाचांचा मिळून आवाज एकच : 'च'. आमच्या ट्रामच्या एका मार्गावर लॉइच नावाचं उपनगर आहे, त्याच्या पाटीवर हीच पाच अक्षरं. जवळचं डेलिच गाव, तिथंही तीच. क्रेचमार आडनाव, तिथंही तीच. क्रेचमार म्हणजे खानावळवाला, स्लाव्ह भाषेतल्या खानावळीच्या शब्दावरून. सायलेशियात हेच आडनाव झेड न घालता लिहितात, सॅक्सनीत, म्हणजे आमच्या लाइपझिगच्या प्रांतात, झेड घालूनच. म्हणजे हा झेड म्हणजे सॅक्सन कारकुनाची सही.

हे मला फार आवडलं. स्लाव्ह 'च' जर्मन अक्षरांत बसत नव्हता. एकानं टी-झेड लिहिलं, दुसऱ्यानं एस-सी-एच, तिसऱ्यानं दोन्ही लिहून टाकलं की भानगड नको. पुढे तीच शिस्त झाली. गोव्यातल्या पोर्तुगीज लेखनिकांनी प्रभूचं पोरोब केलं, कामतचं कामोतिम, आणि नायकाच्या शेवटी क्यू-यू-ई जोडलं, ते याच जातीचं काम. शिंद्यांचं सिंदिया तर सगळ्यांना माहीतच आहे.

पण गंमत पुढे आहे. हे शेपूट फक्त स्लाव्ह नावांना लागत नाही. फ्रिचे आडनाव घ्या. शेवट तोच, पाच अक्षरं तीच, आणि मूळ नाव फ्रिडरिश! याहून जर्मन नाव शोधून सापडायचं नाही. योहानेसचे येंच आणि हांच होतात. म्हणजे 'च' वरून घराण्याचं रक्त ओळखायला गेलात तर फसलात. त्या मुलखात नावांना लाडानं असं शेपूट लावायची चाल होती, ती जर्मन घरातही होती आणि स्लाव्ह घरातही. आपल्याकडे 'राव' लागला म्हणून सगळे एका घरचे होत नाहीत.

आणखी एक : तत्त्वज्ञाचं नाव फ्रिडरिश. म्हणजे त्याचं नाव आडनाव झालं असतं तर फ्रिचे, आणि आडनाव निचे. दोन्ही एकाच साच्यातून.

४ जानेवारी २०२५

यंत्राचं काम. दोन रात्री गेल्या.

सारख्या आवाजाच्या नावांना एकच खूण देणारी, इंग्रजीसाठी बनलेली साउंडेक्स पद्धत आधी चालवली. तिच्या मते नऊ अक्षरी, आठ अक्षरी, सात अक्षरी आणि निच्के, चारही एकच : एन-३-२-०. निच्के वेगळं काढायचं होतं, ते काही निघेना.

मग कोलोन पद्धत. ही हान्स योआखिम पोस्टेल यांनी १९६९ साली जर्मन उच्चारासाठी मांडली. एनला ६. एस आणि झेडला ८. टीच्या पुढे सी, एस किंवा झेड असेल तर टीलाही ८, नाहीतर २. सी जर एसच्या मागून आला तर ८. एच गिळायचा, लागोपाठ सारखे आकडे एक करायचे, शेवटी स्वर उडवायचे. नऊ अक्षरीचं काय होतं पाहा : ६, मग स्वर, मग ८-८-८-८, मग स्वर. चार आठांचा एक आठ. उत्तर ६८. आठ अक्षरी ६८, सात अक्षरी ६८. निच्के ६८४, कारण के ला ४. टेबलावर हात आपटला मी.

मग यादी पाहिली आणि हात परत घेतला. ६८ मध्ये 'नुस' पण येतो. नुस म्हणजे कवचाचं फळ, अक्रोड वगैरे. एन म्हणजे ६, दोन एस मिळून ८, संपलं. जगातलं सगळं 'न' आणि 'स' माझ्या जाळ्यात. परवाच्या बुटातले अक्रोड असे परत आले.

उपाय : आधी ६८ चा गठ्ठा, मग त्यात अक्षरबदलांची मोजणी. नऊ अक्षरीपासून आठ अक्षरी एका खोडण्याच्या अंतरावर, सात अक्षरी दोन, निच्के तीन. नुसला त्याहून खूप लांबचा फेरा पडतो. तीनवर कुंपण घातलं. आता बरं चाललंय.

क्षीरसागरांसाठी मात्र हे सगळं नव्यानं लिहावं लागणार. कोलोनकरांना 'क्ष' माहीत नाही.

१९ जानेवारी

चर्चच्या जुन्या वह्यांची पानं आता पैसे भरून घरबसल्या बघता येतात. सॅक्सनीतल्या एका गावाची अठराव्या शतकातली बाप्तिस्म्याची वही उघडली. सायंकाळी सहा ते रात्री दीड.

लिपी कुरेंट, म्हणजे जर्मन हस्तलेखनाची जुनी वळणदार लिपी. हिच्यात ई म्हणजे शेजारी शेजारी दोन तिरक्या काड्या, आणि एनही जवळजवळ तसाच. म्हणजे नऊ अक्षरी की आठ अक्षरी, हा सगळा निकाल आयनंतरच्या दोन बारीक काड्यांवर. शाई फुटली असेल तर एक माणूस दुर्मिळ घराण्यात जातो, नाहीतर साध्या.

एक कुटुंब पकडलं. बाप तोच, धंदा तोच, पाद्रीही तोच, अक्षरावरून कळतं. पहिल्या मुलाच्या वेळी झेड आहे. दुसऱ्याच्या वेळी नाही. तिसऱ्याच्या वेळी झेड आहे आणि त्या दोन काड्याही आहेत. तीन भावंडं, तीन आडनावं, एकाच पाद्र्याच्या हातची. आणि त्याला त्यात काहीच वावगं वाटलेलं नाही.

त्याच पानावर आईचं नाव बघून मला हसू आलं. आडनावाच्या शेवटी 'इन' लावलेलं. निचिन! म्हणजे निच्याची बायको किंवा मुलगी. आपल्याकडे देशपांड्यांची देशपांडीण, जोश्यांची जोशीण, अगदी तसंच. तेव्हा ही सर्रास पद्धत होती, पुढे गेली. माझ्या यंत्राला आता हे 'इन' कापायला शिकवायला हवं, नाहीतर बायका वेगळ्याच गावाला जातील.

ही मोकळीक सरकारी नोंदणी येईपर्यंत टिकली. प्रशिया या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या जर्मन राज्यात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सबंध जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून जन्म, लग्न, मृत्यू सरकारी कचेरीत लिहायचे ठरले. त्या दिवशी ज्या घराच्या कागदावर जे स्पेलिंग होतं, ते गोठलं. नऊ अक्षरी घराणी 'तयार' झाली ती बहुतेक अशी.

२ फेब्रुवारी

नकाशा. सर्वांत मजेचा दिवस.

जर्मन पिनकोडचा पहिला आकडा शून्य असेल तर तो मुलूख सॅक्सनी आणि त्याच्या कडेचा. ड्रेस्डेन ०१, लाइपझिग ०४, हाले ०६, केम्निट्स ०९. आठ अक्षरी चढवलं आणि शून्याचा पट्टा पेटला, बाकी देश विझलेला. नऊ अक्षरीही याच कोपऱ्यात, फक्त विरळ ठिपके. पण सात अक्षरी बघावं तर सगळीकडे विखुरलेलं. ऱ्हाइनकाठी, बव्हेरियात, उत्तरेला. केंद्रच नाही.

हे कोडं दुसऱ्या यादीनं सुटलं. पहिल्या महायुद्धात प्रशियाच्या युद्ध खात्यानं मेलेल्या, जखमी झालेल्या, हरवलेल्या सैनिकांच्या याद्या छापल्या, नावापुढे गाव देऊन. स्वयंसेवकांनी २०११ पासून त्या संगणकावर टंकल्या, सुमारे ८५ लाख नोंदी. ही टंकणारी माणसं पेन्शनर, शाळामास्तर, हौशी. एक पैसा न घेता. त्यांच्या कामावर मी आज आयता बसलो आहे.

तो नकाशा काढला की सात अक्षरीचं केंद्र दिसतं : सायलेशिया. आज पोलंडात असलेला. १९४५ नंतर पूर्वेकडच्या मुलखांतून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन निघाले किंवा काढले गेले, आणि जागा मिळेल तिथं पडले. नकाशावर ते शब्दशः दिसतं. एक दाट डाग आहे, आणि पुढच्या नकाशात तो डाग नाही, त्याचे शिंतोडे आहेत. मी दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बराच वेळ बघत बसलो. आमच्या इमारतीतल्या, सायलेशियातल्या ब्रेस्लाउहून लहानपणी आलेल्या आजींना दाखवीन म्हणत होतो. मग नको वाटलं.

आठ अक्षरी मात्र आपल्या जागी बसून राहिलं. झेडनं वाचवलं म्हणावं तर तसंही नाही. झेड होता तो सॅक्सनीत होता, आणि सॅक्सनीतल्यांना कुणी हाकललं नाही.

१६ फेब्रुवारी

खुद्द तत्त्वज्ञ.

यानं पुन्हा पुन्हा सांगितलं की आपले पूर्वज पोलिश सरदार, नाव नित्स्की, धर्माच्या छळामुळे देश सोडून आलेले. १८८८ च्या अखेरीस आत्मचरित्राच्या एका सुधारलेल्या पानात तो लिहितो की आपण शुद्ध रक्ताचे पोलिश उमराव, वाईट रक्ताचा एक थेंब नाही, जर्मन तर मुळीच नाही. ते पान अनेक वर्षं दडपलेलं होतं. १९६९ साली नीत्शेच्या लेखनाचे संपादक माझिनो मोंतिनारी यांना त्याची नक्कल नीत्शेचा मित्र पेटर गास्ट याच्या कागदांत सापडली.

पण वंशावळ? आजोबा फ्रिडरिश आउगुस्ट लुडविग, १७५६ ते १८२६, आइलेनबुर्गचे सुपरिंटेंडंट, म्हणजे पाद्र्यांवरचे वरिष्ठ पाद्री. बाप कार्ल लुडविग, पाद्री. आईचे वडीलही पाद्री. वायमारच्या नीत्शे संग्रहात काम करणारे मॅक्स ओलर यांनी पुढे पूर्वजांचा तक्ता मांडला, तेव्हा त्यात सरदार नव्हतेच. होते ते जर्मन नावांचे साधेसुधे प्रॉटेस्टंट लोक. ओलर हे त्याच्या आईच्या माहेरचे. ओलर म्हणजे तेल गाळणारा किंवा विकणारा, आपला तेली. म्हणजे एका बाजूनं निकोलसचा पोर, दुसऱ्या बाजूनं तेली. चांगलं घराणं आहे की.

माझं मत असं : त्याला जर्मनांचा राग होता, आणि आडनावाचा तो विचित्र 'च' हाताशी होता. त्यानं शेपटावरून हत्ती उभा केला. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून नीतीचा इतिहास मांडणाऱ्या, भाषाशास्त्राचा प्राध्यापक राहिलेल्या माणसानं शेजारच्या फ्रिच्यांकडे बघितलं नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं.

२ मार्च, रविवार, र्‍योकेन

लुत्झेनहून थोडं पुढे. लाइपझिगहून तासाभराचा प्रवास. चर्च, पाद्र्याचं घर, मागे बाग. फेब्रुवारीचा गारठा अजून गेलेला नाही. १५ ऑक्टोबर १८४४ ला इथं नीत्शे जन्मला. प्रशियाचा राजा चौथा फ्रिडरिश विल्हेल्म याचाही वाढदिवस त्याच दिवशी, म्हणून मुलाचं नाव फ्रिडरिश विल्हेल्म. पोलिश सरदाराच्या घरातलं हे बारसं!

चर्चच्या भिंतीला लागून थडगी. फ्रिडरिश, बहीण एलिझाबेथ, आईबाप. मी फरशीवर अक्षरं मोजली. नऊ. बोट लावून मोजली, जवळपास कुणी नव्हतं म्हणून.

या शाखेतलं आडनाव इथंच थांबलं. धाकटा भाऊ योझेफ १८५० मध्ये दोन वर्षांचाही न होता गेला. फ्रिडरिशला मूल नाही. एलिझाबेथनं लग्नानंतर फ्योर्स्टर आणि पुढे फ्योर्स्टर-नीत्शे असं जोडनाव लावलं, तिलाही मूल नाही, १९३५ मध्ये ती वारली. आज शेकड्यांत जे नऊ अक्षरी आहेत, ते दुसऱ्या घरांतले, दुसऱ्या कारकुनांच्या हातचे. त्यांना दर ओळखीच्या वेळी तोच प्रश्न विचारला जात असणार. बिचारे.

९ मार्च

मिरजेहून आत्याचा फोन.

"काय रे, त्या जर्मनाचं आडनाव शोधून झालं का? आपलं कधी घेतोस?"

"अगं आत्या, झालंच. त्याच्यावर हात बसवतोय."

"कुणाचा कोण तो! आपल्यातलं कुणाला ठाऊक तरी आहे का त्याचं नाव?"

"तू क्रिकेट बघतेस ना? ऑस्ट्रेलियाच्या बायकांच्या टीमची कोच, शेली निच्के. ते याच नावाचं पिल्लू."

आत्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "ती? ती चांगली फिरकी टाकायची." आत्याला हे माहीत असणं हीच आजची मोठी नोंद.

निच्के ऑस्ट्रेलियात कसे, तर १८३८ पासून पाद्री काव्हेल यांच्यामागून प्रशियातले जुन्या मताचे ल्युथरपंथी दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले, बरेच ब्रांडेनबुर्ग आणि सायलेशियाकडचे. त्यांची आडनावं आजही अ‍ॅडलेड आणि बरोसाच्या बाजूला. १९३१-३२ मध्ये जॅक निच्के तिथूनच ऑस्ट्रेलियासाठी दोन कसोट्या खेळला. सायलेशियातून पुसला गेलेला डाग एवढ्या लांब टिकून राहिला आहे.

१५ मार्च

रंग ठरवले. सात अक्षरी पिवळा, आठ अक्षरी निळा, निच्के हिरवा, नऊ अक्षरी जांभळा, म्हणजे विरळ असला तरी दिसेल. 'इन' कापणं चालतंय. नुस बाहेर गेला.

आत्यानं एका वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, क्षीरसागरांची तिला ठाऊक असलेली सगळी स्पेलिंगं. तेरा आहेत. त्यातल्या एकात क्यू आहे, तो कुठून आला ते तिला उद्या विचारायचं.